उमरडोहचे रिकामे थांबे

उमरडोहचा आकडा आला तेव्हा संघमित्रा वडिलांच्या शर्टांच्या घड्या घालत होती.

अडतीस.

तिने फोन उलटा ठेवला आणि पुढचा शर्ट घेतला. सगळ्या शर्टांचे वरचे खिसे एकाच जागी सैल पडले होते. वामनराव खंडारे त्या खिशात मलमलीच्या फडक्याची चौकोनी घडी ठेवत. वजनमापे निरीक्षक म्हणून तीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्तीनंतर अठरा वर्षं जगले, पण खिशातलं फडकं काही सुटलं नाही. पितळेच्या वजनाला उघडा हात लावायचा नाही. हाताचं तेल लागतं, वजन हळूहळू खोटं होतं, असं ते सांगत.

त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. "येते, येते" म्हणत तिने घरमालकांना आठ महिने थोपवलं होतं. आता उमरडोहातल्या सायकलदुकानावरच्या या दोन खोल्या महिनाअखेर रिकाम्या करून द्यायच्या होत्या.

फोन वाजला. पुण्याहून सोहनी सर होते, तिचे प्रकल्पप्रमुख.

"यादी पाहिलीस?"

"पाहिली."

"तुझं गाव आहे त्यात."

"माझं नाही सर. वडिलांचं."

ते मुद्द्यावर आले. "चाळीसच्या खाली सलग तिसरं वर्ष आहे. म्हणजे बाजार शेजारच्या मोहदरीत विलीन. पंधरा तारखेला समिती बसेल. हरकत असेल तर त्याआधी लेखी लागेल, आणि पुरावा नाडीचाच लागेल. भावना चालणार नाहीत, हे तुला मी काय सांगू?"

ते तिला सांगायची खरंच गरज नव्हती. नाडी, म्हणजे गावाची तब्येत मोजणारी ती यंत्रणा, तिचीच होती.

एखादं गाव खाऊनपिऊन सुखी आहे की आतून खंगत चाललंय, हे कसं मोजायचं? माणसांना विचारलं तर कुणी कमी सांगतं, कुणी जास्त. बँकांमधून दिसतं ते फक्त बँकेत येणारं. पण रस्त्याखाली इंटरनेटच्या तारा गेल्या होत्या, अगदी पाड्यापर्यंत. ही तार म्हणजे काचेचा केसाएवढा धागा. त्यात एका टोकाने लेसरचा ठिपका सोडला की काचेतल्या बारीक दोषांवर आपटून थोडा प्रकाश मागे येतो, धाग्याच्या प्रत्येक हातभर अंतरावरून थोडा थोडा. वरून कुणी चालत गेलं की जमीन हलते, काच केसाच्या लाखाव्या भागाइतकी ताणली जाते आणि परत येणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. ती लय वाचता आली की वर कोण चाललंय ते कळतं. नाव कळत नाही, चाल कळते. आणि चालीतून ओझं कळतं. भरल्या टोपलीची बाई पाऊल जवळ टाकते, टाच जमिनीवर जास्त वेळ ठेवते.

संघमित्राने एवढंच केलं होतं. बाजाराच्या दिवशी कोण भरून येतं आणि हलकं होऊन जातं, कोण हलकं येतं आणि भरून जातं, याचा हिशोब मांडला होता. ओझी हात बदलतात तोवर गाव जिवंत. आणि जो माणूस दुकानासमोर थांबतो, भाव विचारतो आणि होता तसाच पुढे जातो, त्याचा तो रिकामा थांबा. रिकामे थांबे वाढले की समजायचं, लोकांना घ्यायचंय पण परवडत नाही. दोनशे गावांत हे तंतोतंत जुळलं होतं. नाडीच्या पहिल्या माहितीपत्रकात तिने लिहिलं होतं, जमीन खोटं बोलत नाही.

तीन वर्षांपूर्वी याच टेबलाशी बसून तिने हे वडिलांना समजावून सांगितलं होतं. ते भाकरीचा तुकडा वाटीच्या कडेला ठेवून ऐकत होते.

"आणि जो नुसता उभा राहतो, त्याचं काय?" त्यांनी विचारलं होतं.

"कुठे उभा राहतो?"

"दुकानापुढं. घेत नाही काही. उभा असतो."

"त्याला परवडत नाही असं धरायचं, बाबा."

त्यांनी वाटी जवळ ओढली. मग "बरं," म्हणाले आणि तुकडा उचलला. ती दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने परत गेली होती.

दुपारी कपाटाच्या खालच्या खणात तिला ती पेटी सापडली. शिसवी, आत जांभळी मखमल, मखमलीत गोल खळगा. नोकरीत असतानाच त्यांनी स्वतः विकत घेऊन, दरवर्षी रीतसर तपासून आणलेलं एक किलोचं पितळी वजन त्यात असायचं. तिला या घरातलं दुसरं काहीच न्यायचं नव्हतं. तिने पेटी उघडली.

खळगा रिकामा होता.

तिने दोन्ही खोल्या उलथ्या केल्या. खाली दुकानात विचारलं. घरमालक म्हणाले, "पुण्याला दवाखान्यात जाताना हातात कापडी पिशवी होती त्यांच्या. येताना... येणं झालंच नाही." संघमित्राला ती पिशवी आठवत होती. त्यात चष्मा होता, गोळ्या होत्या, आणखी काही नव्हतं.

मंगळवारी बाजार होता. ती गेली ती वजनासाठी नव्हे. जो बाजार आपल्याच आकड्याने उठणार आहे तो एकदा पाहावा, एवढंच मनात होतं. लहानपणी दर मंगळवारी ती वडिलांबरोबर जायची. त्यांच्या हातात वजन, तिच्या हातात फडक्याचं टोक. लोक त्यांना 'वजनसायेब' म्हणत. ज्यांच्या आजोबांना याच बाजारात मीठ-मिरची दुरून टाकून मिळायची, त्यांच्या हातचं वजन काट्यावर टेकल्याशिवाय इथे कुणी तोलायला सुरुवात करत नसे. वडील यावर कधी बोलले नाहीत. फक्त मंगळवारी शर्टाला इस्त्री जास्त कडक असायची.

पुढे ती शिकायला बाहेर गेली आणि मंगळवार तिच्या आयुष्यातून गेला. निवृत्त माणसाला बाजारात कोण विचारणार, असं तिने मनाशी धरून टाकलं होतं.

साडेआठ वाजले होते. मैदान भरलं होतं. वांगी, मेथी, वाळल्या मिरच्यांचे ढीग, पत्र्याच्या कढया, दोरखंड. माणसंही भरपूर होती. पण सगळी नुसती हिंडत होती. थांबत, ढिगात हात घालत, भाव विचारत आणि पुढे जात. पिशव्या रिकाम्या. तिच्या डोळ्यांपुढे नकाशाच उभा राहिला. रिकाम्या थांब्यांचे लाल ठिपके, एकाशेजारी एक, शेकडो. अडतीस.

एका म्हाताऱ्या बाईसमोर वांगी होती, लहान, काटेरी देठांची. संघमित्रा वाकली. "एक किलो द्या."

"थांब व माय."

"का? विकायची नाहीत?"

"इकाची हायेत न! इकाले नाही त पूजेले मांडली का? वजन यायचं हाये अजून."

"कुठलं वजन?"

बाईने तिच्याकडे वर पाहिलं. पुण्याची साडी, पुण्याची चप्पल. "नवीन दिसतं. इथं वजन फिरल्याबिगर कोणी तोलत नाही. घेणारा बी घेत नाही. घाई असंल त जाय मोहदरीले, तिथं आठशे ग्रामचा किलो भेटते, लवकर भेटते."

शेजारचा मिरचीवाला हसला. "गिरजाबाई, गिऱ्हाईक हाकलता काय?"

"तू गप रे मेहबूब. तुह्या काट्यानं मागच्या मंगळवारी कशी माती खाल्ली, सांगू का यांना?"

"सेल उतरला होता! सेल!"

"सेल उतरला अन् मिरची चढली."

आसपासच्या बाया हसल्या. तेवढ्यात रांगेच्या टोकाकडून काहीतरी येऊ लागलं. कुणी चालत येत नव्हतं. एक लसूणवाली वळली आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी तिने शेजारच्या माणसाच्या काट्यावर टेकवलं. काट्यावर हिरवे आकडे आले. दोघांनी पाहिले, समोरच्या गिऱ्हाइकांनी पाहिले. त्या माणसाने ते उचललं आणि पुढच्या बाईच्या काट्यावर टेकवलं. ते पुढे सरकलं की मागे लगेच तोलणं सुरू होत होतं. पिशव्या उघडत होत्या. रांगेच्या एका टोकाला बाजार भरून वाहत होता आणि दुसऱ्या टोकाला अजून नुसता उभा होता. मधोमध ते फडकं हातोहात येत होतं.

मेहबूबभाईच्या शेजाऱ्याने ते मेहबूबभाईच्या काट्यावर ठेवलं. एक हजार. मेहबूबभाईने गिरजाबाईकडे विजयी नजरेने पाहिलं आणि वजन तिच्या काट्यावर टेकवलं. फडक्याची घडी किंचित सुटली. पितळेवर, कडेला, एक छोटा पोचा होता. संघमित्रा सात वर्षांची असताना तिच्या हातून निसटून ते ओट्यावर पडलं होतं. वडील रागावले नव्हते. तालुक्याला जाऊन ते पुन्हा तपासून आले होते. "भरलं," एवढंच म्हणाले होते.

"हे कुणाचं आहे?" तिने विचारलं. 

गिरजाबाईने आता तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळ, भुवया, हनुवटी. तिचा हात ढिगावरच राहिला.

"तू वजनसायेबाची पोरगी हायेस."

संघमित्राने मान हलवली.

"काहून नाही बोलली व आधी? मी त तुले मोहदरीले धाडत होती!" तिने पदराने जागा झाडली, तिला बसवलं. "पुण्याले जायच्या आधीच्या मंगळवारी आले थे. पाय उचलत नव्हता. इथंच माह्याजवळ बसले. म्हणे, गिरजाबाई, आता माह्यानं रांग होत नाही. मेहबूबनं तुहा काटा पाहावा, तू पुढच्याचा पाह्यजो. आपला काटा आपण पाहाचा नाही. शेजाऱ्यानं पाहाचा. वजन चालत राह्यलं पाहिजे, माणूस बसला तरी चालते." तिने वजन उचलून पलीकडच्या कढईवाल्याला दिलं. "तुले पाहिजे का ते? तुह्या बापाचं हाये. सांग, संध्याकाळी पेटीत घालून देतो."

मेहबूबभाई दुसरीकडे पाहत उभा होता. कढईवाल्याचा हात काट्यावर थबकला होता.

"नको," संघमित्रा म्हणाली. "मला वांगी द्या. एक किलो."

त्या दुपारी, वडिलांच्या टेबलाशी, तिने उमरडोहचे तीन वर्षांचे मंगळवार उघडले.

आता काय शोधायचं ते माहीत होतं, म्हणून पंधरा मिनिटांत सापडलं. दर मंगळवारी आठ-सव्वाआठला रांगेच्या पहिल्या टोकाला पहिलं ओझं हात बदलायचं आणि तिथून खरेदीची एक लाट निघायची. लाटेच्या पुढे लाल ठिपके आणि मागे हिरवे. पावणेदहापर्यंत ती रांगेच्या शेवटी पोहोचायची. नाडी सगळ्या दिवसाचे ठिपके एकत्र मोजत होती. दोन तास वाट पाहणाऱ्या गावाला ती दोन तास उपाशी गाव म्हणत होती.

आणि लाटेच्या तोंडाशी, अगदी बरोबर तोंडाशी, एक चाल होती. पाऊल, थोडी फरफट, काठी. पाऊल, थोडी फरफट, काठी. प्रत्येक दुकानापाशी थांबत, कुठेही ओझं न घेता, रांगभर.

खामगावच्या रस्त्यावर स्कूटर घसरल्यापासून वडिलांचा डावा गुडघा वाकत नसे.

कंपनं आवाजात बदलायची सोय तिनेच केली होती, विद्यार्थ्यांना समजावं म्हणून. तिने हेडफोन लावला. मातीतून आल्यासारखा जड, भरीव आवाज. पाऊल, फरफट, काठी. तिने तो मंगळवार पुरा ऐकला. मग पुढचा. नाडीने त्यांच्या नावावर एका मंगळवारात चौसष्ट रिकामे थांबे लावले होते. सगळ्या उमरडोहात त्यांच्याइतका दरिद्री माणूस दुसरा नव्हता.

पासष्टावा थांबा रांगेत नव्हताच. रांग संपल्यावर दोनेक तासांनी ती पावलं मैदानाच्या कडेला, एसटी थांब्याच्या कडुनिंबाकडे जायची आणि तिथे उभी राहायची. अकरा मिनिटं. कधी चौदा. काही मंगळवारी जेमतेम एक. तिथे दुकान नाही, पाणपोई नाही. तिने वेळा पाहिल्या. अकरा चाळीस. अकरा बेचाळीस. अकरा चाळीस.

मग तिने स्वतःच्या फोनमधली जुनी यादी काढली. 'बाबा', मंगळवार, अकरा चाळीस. बाबा, मंगळवार, अकरा बेचाळीस. तिने उचलले होते ते अकरा मिनिटांचे. तिने मीटिंगमधून तोडले होते ते एका मिनिटाचे. एक मिनिट उभं राहून पावलं घराकडे वळायची. त्या दिवशी फरफट जास्त होती की तिला तसं वाटलं, ते तिला ठरवता आलं नाही. मोजता आलं असतं. तिने मोजलं नाही.

शेवटच्या मंगळवारी पावलं गिरजाबाईपाशी थांबली ती तासभर. लाट मात्र थांबली नव्हती. ती त्याच वेगाने पुढे गेली, पण तिच्या तोंडाशी आता कुणाचंच पाऊल नव्हतं.

सोहनी सरांनी सगळं ऐकून घेतलं. "तर्क पक्का आहे. लाट दिसतेय. पण समिती विचारणार, लाटेच्या पुढे चालणारा हा कोण? व्यापाऱ्यांचा दलाल असेल, हप्ता गोळा करणारा असेल. तो कोण हे सिद्ध केल्याशिवाय वाट पाहणं सिद्ध होत नाही. आणि सिद्ध केलंस, तर..."

"नियम सात."

"तूच लिहिलेला."

तिनेच लिहिला होता. साठ्यातलं कुठलंही पाऊल अमुक माणसाचं आहे हे सिद्ध झालं, तर पडताळणीनंतर त्या माणसाची सगळी पावलं कायमची पुसायची. नाहीतर उद्या संशयी नवरे येतील, सावकार येतील, पोलीस येतील आणि जमिनीला साक्षीला बोलावतील. फार विचार करून लिहिलेला नियम होता. त्या वेळी तिच्यापुढे कुठलंच पाऊल नव्हतं.

"संघमित्रा," सोहनी सर हळूच म्हणाले, "अर्जाआधी कुणी एखादी प्रत काढून ठेवली, तर मला कळणार नाही. मी विचारणारही नाही."

"बघते," ती म्हणाली.

प्रत काढायला दोन मिनिटं लागली असती. तिने चहा केला. टेबलावर वांग्यांची पिशवी होती, पूर्ण किलोची.

ती दहा वर्षांची असताना, ऐन दिवाळीत, वडिलांनी मामांच्या किराणा दुकानातला किलो तपासला होता. साठ ग्रॅम कमी भरला. पंचनामा झाला. आई आठवडाभर बोलली नाही. घरातला फराळ मुक्याने झाला. तिने विचारलं होतं, "मामा आपले आहेत ना?" लाडू तिच्या ताटलीत ठेवत वडील म्हणाले होते, "नातेवाइकांसाठी वेगळा किलो नसतो गं."

तिने आणखी एकदा हेडफोन लावला. शेवटून दुसरा मंगळवार निवडला. त्या दिवशी तिने फोन उचलला होता. ते काय बोलले होते ते तिला आठवत होतं, कारण विशेष काही नव्हतं. मेथी स्वस्त झालीय. गुडघा बरा आहे. तू जेवलीस का. मातीखालून त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त अकरा मिनिटं एका जागी उभ्या असलेल्या माणसाचं, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर घेणं.

मग तिने अर्ज लिहिला. 'चालणाऱ्याची ओळख' या रकान्यात: वामन सखाराम खंडारे, निवृत्त निरीक्षक, वजनमापे. 'आपला संबंध': मुलगी. पाठवायच्या बटणावर बोट ठेवण्याआधी तिने हेडफोन काढून घडी करून ठेवला. प्रत काढली नाही.

पंधरा तारखेला समितीने हरकत मान्य केली. नाडीत नवा रकाना आला, 'वाट पाहणं'. तो गावाच्या विरुद्ध मोजायचा नाही असं ठरलं. उमरडोहचा आकडा एकोणसाठ झाला. बाजार राहिला. राज्यातल्या आणखी नऊ गावांचे आकडे वर गेले. तिथे लोक कशाची वाट पाहतात ते अजून कुणाला माहीत नव्हतं, शोधायला माणसं निघाली होती.

पावलं पुसायचा दिवस सोहनी सरांनी कळवला. योगायोगाने मंगळवार होता.

ती सकाळीच उमरडोहला पोहोचली. खोल्यांच्या किल्ल्या देऊन टाकल्या. जांभळ्या मखमलीची पेटी गिरजाबाईच्या हवाली केली. "रात्री वजन यात ठेवा. दरवर्षी तपासून आणायचं, विसरू नका."

"विसरतो का? तुह्या बापानं तारीख पाठ करून घेतली आमच्याकून, पोट्ट्यायकून पाढे घेते तशी." मग गिरजाबाईने पलीकडे पाहिलं. कढईवाल्याची जागा रिकामी होती. "आज तो लग्नाले गेला. माहा हात पुरत नाही तिथवर. घे, तू दे पुढं."

संघमित्राने फडक्यासकट वजन घेतलं. ते आठवणीतल्यापेक्षा जड होतं. रिकामी जागा ओलांडून पलीकडच्या दोरखंडवाल्यापर्यंत सहा पावलं होती. तिने ती टाकली आणि वजन त्याच्या काट्यावर टेकवलं. एक हजार. समोरच्या माणसाने पिशवी उघडली.

अकरा अडतीसला ती कडुनिंबाखाली आली. हातात वांग्यांची पिशवी होती, दुसऱ्या हातात फोन. चाळीसला फोन थरथरला. एका ओळीचा निरोप होता: 'नियम सात, उमरडोह, काम पूर्ण.'

मोहदरीची एसटी आली, दार उघडलं. कंडक्टरने विचारलं, "येता का ताई?"

"नाही," ती म्हणाली. "थांबलेय."

गाडी गेली. ती अकरा मिनिटं तिथे उभी राहिली. तिच्या पायांखाली हातभर खोल, काचेतून उजेड जात होता आणि येत होता.